बेटाला प्रदक्षिणा घालणारा राज्यमार्ग

मिशिगन राज्यातल्या एम-१८५ या राज्यमार्गावर मोटार चालवायला मनाई आहे. ही मनाई रविवारपुरती किंवा गर्दीच्या मोसमापुरती नाही, कायमची आहे. आणि रस्ता बांधला गेला त्याच्याही आधीपासूनची आहे.

रस्ता तसा छोटा. आठ मैल, म्हणजे तेरा किलोमीटरला जरासा कमी. ह्युरॉन सरोवरातल्या मॅकिनॉ बेटाच्या काठाकाठाने तो जातो आणि निघाला तिथेच परत येऊन मिळतो. बेटाला पूल नाही, त्यामुळे राज्यातल्या दुसऱ्या कुठल्याही महामार्गाशी त्याची गाठ पडत नाही. गावातून जातो तेवढ्यापुरता तो मेन स्ट्रीट. गावाबाहेर पडला की लेक शोअर. कडेला मैलाच्या खुणा आहेत, सरकारी नकाशात क्रमांक आहे, मोडतोड झाली तर राज्याचं वाहतूक खातं धावून येतं. आपल्याकडे ज्या रस्त्यांच्या कडेला हिरव्या-पांढऱ्या रंगाचे मैलाचे दगड उभे असतात, त्या रस्त्यांच्याच तोलाचा हा रस्ता. पण इथे माणसं पायी चालतात, सायकल मारतात, नाहीतर घोडागाडीत बसतात. अख्ख्या अमेरिकेत मोटारींना बंदी असलेला राज्यमार्ग हा एवढाच.

आणि राज्य कोणतं, तर मिशिगन! मोटारीचं माहेर म्हणावं असं राज्य. मार्च १८९६ मध्ये चार्ल्स किंग यांनी डेट्रॉइटच्या रस्त्यावर त्या शहरातली पहिली मोटार चालवून दाखवली. तीन महिन्यांनी, त्याच वर्षीच्या जूनमध्ये, हेन्री फोर्ड सायकलची चार चाकं लावलेली आपली पहिली गाडी घेऊन रात्री रस्त्यावर उतरले. १९०८ साली त्यांची मॉडेल टी आली आणि १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकत्या साखळीवर गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. रस्त्यांच्या बाबतीतही हे राज्य असंच पुढे. १९०९ साली डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अव्हेन्यूचा एक मैल काँक्रीटचा झाला, तो बघायला दूरदूरहून अभियंते येत. येणारी आणि जाणारी वाहनं वेगळी ठेवण्यासाठी रस्त्याच्या मधोमध रेघ ओढायची कल्पना १९११ साली अमलात आणल्याचं श्रेयही मिशिगनच्याच वेन काउंटीला दिलं जातं. ज्या राज्याने जगाला मोटारीची सवय लावली, त्याच राज्याच्या दप्तरात हा बिनमोटारीचा रस्ता एम-१८५ या क्रमांकाने नांदतो आहे. मला यातली सर्वांत नवलाची गोष्ट वाटते ती त्याचं टिकणं. बंदी घालणं सोपं असतं. ती सव्वाशे वर्षं पाळली जाणं दुर्मीळ.

ही बंदी कशी आली ते समजायला बेटाकडे थोडं मागे जाऊन बघायला हवं.

मिशिगन राज्याचे दोन तुकडे आहेत, मधून पाण्याची चिंचोळी पट्टी जाते. तिच्या पूर्वेच्या तोंडाशी, ह्युरॉन सरोवरात, हे बेट आहे. ह्युरॉनला सरोवर म्हणायचं ते केवळ पाणी गोडं म्हणून. महाराष्ट्राच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याएवढा त्याचा पसारा आहे. बेट मात्र दहा चौरस किलोमीटरही भरत नाही. कडा उंच आणि मधली पाठ गोलसर, म्हणून इथल्या मूळच्या अनिशिनाबे लोकांनी त्याला मोठ्या कासवाचं रूप मानलं. ते त्यांचं पवित्र स्थान आणि पूर्वजांना पुरण्याची जागा. पुढे फ्रेंच आले, त्यांच्यामागून इंग्रज आले. १७८० च्या सुमारास इंग्रजांनी पलीकडच्या किनाऱ्यावरची आपली गढी हलवून या बेटाच्या कड्यावर किल्ला बांधला. १७९६ साली तो अमेरिकनांकडे गेला. मग जॉन जेकब ॲस्टर यांच्या अमेरिकन फर कंपनीने इथून बीव्हर आणि इतर जनावरांच्या केसाळ कातड्यांचा व्यापार चालवला. कातडी संपत आली, फॅशन बदलली, मग काही काळ मासेमारीवर निभावलं. आणि यादवी युद्धानंतर शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलंडच्या पैसेवाल्या कुटुंबांना उन्हाळ्यात थंड हवेची जागा हवी होती, ती इथे सापडली.

१८७५ साली अमेरिकेच्या सरकारने बेटाचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवला. यलोस्टोननंतरचं हे देशातलं दुसरंच राष्ट्रीय उद्यान, हे आज फार थोड्यांना आठवतं, कारण १८९५ साली लष्कराने किल्ला सोडला तेव्हा सगळी जमीन मिशिगन राज्याला देऊन टाकली आणि ते राज्याचं पहिलं उद्यान झालं. मधल्या काळात, १८८७ साली, आगबोट आणि रेल्वे कंपन्यांनी मिळून ग्रँड हॉटेल उभं केलं. दोनशे मीटर लांबीचा त्याचा पांढरा ओसरीवजा सज्जा आजही पाण्यावरून दूरवरून दिसतो. उन्हाळ्यात आगबोटी भरभरून माणसं उतरू लागली. उतरलेल्यांना कडे, कपारी, किल्ला दाखवायला घोडागाडीवाले होते. गावातल्या कितीतरी घरांची चूल या घोड्यांवर पेटत होती.

अशा गावात पहिली बिनघोड्याची गाडी आली. फटफटाटाने घोडे बुजले, उधळले. घोडागाडीवाल्यांनी गावच्या परिषदेकडे तक्रार केली आणि जुलै १८९८ मध्ये परिषदेने ठराव केला: गावाच्या हद्दीत अशा गाड्या चालवायच्या नाहीत. पाठोपाठ काही वर्षांतच उद्यानाच्या कारभाऱ्यांनीही आपल्या हद्दीत तोच नियम लावला, आणि सबंध बेट बंदीखाली आलं.

त्या ठरावात पुढचं जग ओळखल्याची दूरदृष्टी शोधायचा मोह होतो. पण १८९८ साली मोटार ही एक विक्षिप्त, आवाज करणारी वस्तू होती. ती उद्या प्रत्येकाच्या दारात उभी राहील हे खुद्द फोर्ड यांच्या शेजाऱ्यांनाही वाटत नव्हतं. धूर, कोंडी, गाड्या लावायला जागा, यांतलं काहीही त्या परिषदेपुढे नव्हतं. तिच्यापुढे होता उधळलेला घोडा, मागच्या गाडीत बसलेली माणसं आणि त्या घोड्यावर पोट असलेला गाडीवान. इतक्या जवळच्या, इतक्या साध्या कारणाने घेतलेला निर्णय सव्वाशे वर्षं टिकावा, हे मला एखाद्या मोठ्या तत्त्वज्ञानातून निघालेल्या निर्णयापेक्षा जास्त आश्वासक वाटतं.

रस्ता त्यानंतर झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात काठाकाठाने तो बांधत नेला आणि बेटाचा वेढा पूर्ण केला. १९३३ साली राज्याने त्याला एम-१८५ हा क्रमांक दिला. तोवर देशभर मोटारींचं राज्य आलेलं होतं. तरीही क्रमांक देताना कोणी बंदी उठवली नाही. दुसऱ्या रस्त्यांवर घोडे आधी होते, मोटारींनी त्यांना हुसकलं, वळणं सरळ झाली, कडेची झाडं गेली, चार पदर आले. या रस्त्याला मोटारीसाठी असं अंग चोरावं किंवा पसरावं लागलंच नाही. पाण्याची कड जिथे वळते तिथे तो वळतो. एका हाताला गोटे आणि लाटा, दुसऱ्या हाताला चुनखडकाचा कडा किंवा सीडरचं रान, आणि मध्ये डांबराची एवढीशी पट्टी.

प्रदक्षिणेचा नियम पाळायचा तर बंदरातून पश्चिमेकडे निघावं. बेट सबंध वाटभर उजव्या हाताला राहतं.

गाव मागे पडतं, ग्रँड हॉटेलचा कडा डोक्यावर येतो आणि थोड्याच अंतरावर रस्त्याला लागून एक छोटी गुहा लागते. डेव्हिल्स किचन तिचं नाव. आत शेकोट्यांच्या काजळीने काळवंडलेल्या भिंती. ही गुहा लाटांनी कोरलेली आहे, पण आजच्या लाटा तिथवर पोचत नाहीत. म्हणजे ती कोरली गेली तेव्हा पाणी आजच्यापेक्षा वर होतं. इथून पुढे या रस्त्याकडे बघण्याची नजरच बदलते, कारण हा रस्ता सरोवराच्या जुन्या किनाऱ्यांच्या संगतीने चालला आहे हे ध्यानात येतं.

हिमयुग ओसरताना या भागात बर्फाच्या मागोमाग पाण्याचा एक प्रचंड पसारा झाला. भूशास्त्रज्ञ त्याला अल्गॉन्क्विन सरोवर म्हणतात. सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी आजच्या बेटाचा फक्त मधला उंचवटा त्या पाण्यावर डोकं काढून होता. नंतर पाण्याला खालची वाट सापडली आणि ते इतकं उतरलं की जिथे आज सामुद्रधुनी आहे तिथे एक नदी घळ कापत वाहू लागली. तिची घळ आजही पाण्याच्या तळाशी सापडते. त्या काळात हे बेट नव्हतंच, कोरड्या मैदानातली टेकडी होती. मग घडलं ते आणखी विलक्षण. बर्फाच्या ओझ्याखाली दबलेली जमीन, ओझं गेल्यावर, हळूहळू वर उचलू लागली. उत्तरेकडचा बाहेर जायचा उंबरठा उंचावला आणि पाणी पुन्हा चढलं. चार-पाच हजार वर्षांपूर्वी ते आजच्यापेक्षा वर होतं आणि त्या निपिसिंग काळातल्या लाटांनी बेटाच्या कडा झोडपून काढल्या. पुन्हा पाणी उतरलं तेव्हा कड्यांच्या पायथ्याशी सपाट पायऱ्या उघड्या पडल्या. घोड्याच्या गाडीला तेरा किलोमीटर फारसा चढ न लागता बेट फिरता येतं ते पाण्याने आधीच सपाट करून ठेवलेल्या या पायथ्यामुळे.

पश्चिमेच्या या बाजूने दूरवर मॅकिनॉ पूल दिसतो. पाच मैल लांब, दोन मनोऱ्यांमधला झुलता भाग ११५८ मीटरांचा. १ नोव्हेंबर १९५७ रोजी तो खुला झाला आणि मिशिगनचे दोन तुकडे मोटारींसाठी जोडले गेले. त्याच्यावरून वाहनांची रांग अखंड सरकत असते. बेट त्याच्या टप्प्यात असूनही वाटेतून बाजूला राहिलं. इथे यायचं तर दोन किनाऱ्यांवरच्या गावांतून, मॅकिनॉ सिटीतून किंवा सेंट इग्नेसमधून, बोट धरायची. मोटार किनाऱ्यावर ठेवायची.

रस्त्याने साधारण निम्मी वाट संपवली की वायव्य टोकाला ब्रिटिश लँडिंग येतं. उतरता किनारा, उथळ पाणी, गोटे. जागा इतकी शांत की इथे युद्ध झालं यावर विश्वास बसत नाही. पण इथे थांबायलाच हवं.

१८ जून १८१२ रोजी अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. वॉशिंग्टनची ही बातमी मॅकिनॉच्या किल्ल्यातल्या अमेरिकन अधिकाऱ्याला, लेफ्टनंट पोर्टर हँक्स यांना, कोणी कळवलीच नाही. जवळच्या सेंट जोसेफ बेटावरच्या इंग्रजांना मात्र ती कातड्याच्या व्यापाऱ्यांच्या माणसांकडून आधी पोचली. कॅप्टन चार्ल्स रॉबर्ट्स यांनी हाताशी होतं ते सगळं बळ गोळा केलं: पन्नासेक नियमित सैनिक, दीड-दोनशे कॅनडियन नावाडी आणि व्यापारी, आणि सू, मेनोमिनी, ओजिब्वे, ओटावा अशा अनेक जमातींचे सुमारे चारशे योद्धे. १७ जुलैच्या पहाटे, अंधारात, ते याच किनाऱ्यावर उतरले. किल्ला बेटाच्या दुसऱ्या, दक्षिणेच्या बाजूला. त्याच्या तोफांचं तोंड बंदराकडे. त्याच्या मागे त्याच्याहून उंच टेकाड होतं आणि त्यावर पहारा नव्हता. रॉबर्ट्स यांच्या माणसांनी रानातून तोफ ओढत त्या टेकाडावर नेली. उजाडलं तेव्हा किल्ल्यातल्या साठेक सैनिकांना दिसलं की आपल्यावर वरून नेम धरलेला आहे, आणि युद्ध सुरू झाल्याचं त्यांना कळलं तेही असं. हँक्स यांनी किल्ला खाली केला. एकही जीव गेला नाही.

दोन वर्षांनी, ४ ऑगस्ट १८१४ रोजी, अमेरिकनांनी किल्ला परत घ्यायचा प्रयत्न केला. उतरायला जागा निवडली तीच. पण यावेळी वरचे लोक सावध होते. किनाऱ्यापासून आत एका शेतावर लढाई झाली, मेजर अँड्र्यू हंटर होम्स मारले गेले, अमेरिकन माघारी फिरले. बेट शेवटी १८१५ साली तहाने परत मिळालं. ज्या टेकाडावर इंग्रजांनी मोर्चेबांधणी केली होती त्याला अमेरिकनांनी होम्स यांचं नाव दिलं. बेट लहान असण्याचा एक परिणाम असा की इतिहासाला जागा बदलायला वाव राहत नाही. दोन्ही सैन्यांना उतरायला हाच एक सोयीचा किनारा होता आणि आज थकलेले सायकलस्वार पाणी प्यायला थांबतात तेही इथेच.

इथून उत्तरेचं टोक वळसा घालून रस्ता पूर्वेला येतो आणि कडे एकदम जवळ सरकतात. मान वर केली की आर्च रॉक दिसतो: चुनखडकाची नैसर्गिक कमान, पाण्यापासून सुमारे ४५ मीटर उंचीवर, पंधरा मीटर रुंद. मधल्या पोकळीतून आभाळ दिसतं. रस्त्यापासून वर जायला २०७ पायऱ्या आहेत. चढणाऱ्याने कमानीच्या दगडाकडे जवळून बघावं. तो एकसंध थरांचा नाही. कोपरे न झिजलेले वेडेवाकडे तुकडे एकमेकांत चिकटून बसले आहेत, चिक्कीत दाणे बसावेत तसे.

त्याचं कारण बेटाच्या खाली खोल दडलेलं आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे उथळ, खारट समुद्र होता. तो आटताना मिठाचे थर साचले, त्यांच्यावर चुनखडक साचला. पुढे जमिनीतल्या पाण्याने मीठ विरघळवून नेलं, खाली पोकळ्या झाल्या, आणि वरचा खडक त्यांत कोसळून त्याचा चुरा झाला. त्या चुऱ्यात झिरपलेल्या चुन्याने तुकडे पुन्हा सांधले, आणि जिथे सांधा पक्का बसला तिथला दगड मूळ खडकापेक्षाही टणक झाला. भूशास्त्रज्ञ याला मॅकिनॉ ब्रेशिया म्हणतात. मग निपिसिंगच्या लाटा आल्या. त्यांनी कच्चा दगड धुऊन नेला आणि पक्का ठेवला. आर्च रॉक हा त्या उरलेल्या पक्क्या दगडाचा भाग. बेटाच्या आत जंगलात सुमारे २३ मीटर उंच शुगर लोफ नावाचा एकटा सुळका उभा आहे, तोही तसाच. मला ही कमान बघताना सर्वांत अद्भुत वाटतं ते हे की ती कोसळण्यातून जन्मली. आणि तीच प्रक्रिया तिला एक दिवस पाडणार आहे.

पुढे मिशन पॉइंटचा कोपरा, जिथे १८२० च्या दशकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी शाळा काढली होती. मग किल्ल्याचा पांढरा तट वर दिसू लागतो, आणि आपण गावात.

गावातला एम-१८५ मोसमात पाहावा. वर्षभर इथे राहणारे लोक पाच-सहाशे, पण उन्हाळ्यात घोडेच सहाशेच्या आसपास असतात आणि वर्षाकाठी दहा लाखांच्या घरात पाहुणे येऊन जातात. बोटीतून उतरलेला प्रत्येक खोका घोड्याच्या मालगाडीवर चढतो: हॉटेलातली चादर, दुकानातलं दूध, घरपोच मागवलेलं पार्सल, बांधकामाचं लाकूड. घरांतला कचरासुद्धा घोडेच वाहून नेतात. पर्शेरॉन आणि बेल्जियन जातीचे हे ओझ्याचे घोडे, खांदे रुंद, चाल संथ. हॉटेलांचे हमाल पाहुण्यांच्या बॅगा सायकलच्या पुढच्या टोपलीत एकावर एक रचून, घोड्यांच्या कडेने वाट काढत, एका हाताने तोल सांभाळत जातात. लीद गोळा करणारे झाडूवाले दिवसभर रस्त्यावर असतात. हे सांगायलाच हवं, कारण बिनमोटारीचा रस्ता म्हटलं की आपण स्वच्छ हवा तेवढी डोळ्यांपुढे आणतो. घोड्यांवर चालणाऱ्या गावाला माणसांचे खूप हात लागतात. खुराक, नाल, तबेले, पशुवैद्य, लीद, सगळं रोजच्या रोज. हिवाळा आला की बहुतेक घोडे बोटीने पलीकडच्या किनाऱ्यावर नेतात.

या रस्त्याच्या मागच्याच गल्लीत, कातड्याच्या कंपनीच्या दुकानात, ६ जून १८२२ रोजी बंदुकीचा एक बार चुकून सुटला. ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण कॅनडियन नावाड्याच्या पोटात तो घुसला. किल्ल्याचे डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांना तो जगेल असं वाटलं नव्हतं. तो जगला, पण जखम बुजताना पोटाला बाहेरून जठरापर्यंत एक भोक राहून गेलं. ब्यूमाँट यांनी त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधून मांसाचे, भाजीचे तुकडे आत सोडले आणि ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले. अन्न जठरात दळलं जातं की रसाने विरघळतं, हा जुना वाद होता. जिवंत माणसाच्या जठरातच त्याचं उत्तर दिसलं. १८३३ साली त्यांनी दोनशेहून अधिक प्रयोगांचं पुस्तक छापलं आणि पचनाच्या शास्त्राचा पाया घातला गेला. सेंट मार्टिनला यातून फारसं काही मिळालं नाही. तो प्रयोगांना कंटाळून निघून जाई आणि गरिबीमुळे परत येई. त्याच्या वाट्याचं श्रेय त्याला कमी दिलं जातं असं मला कायम वाटत आलं आहे.

बंदीला अपवाद आहेत, आणि ते पहिल्यापासून समजूतदारपणे ठरत आले आहेत. रुग्णवाहिका आहे, आगीचा बंब आहे, पोलिसांचं वाहन आहे. बांधकामाच्या यंत्राला लेखी परवाना घेऊन येता येतं. १९७९ साली एका चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी मोटार आणू दिली होती. २००५ साली या रस्त्यावर मोटार-वाहनांचा अपघात झाला तो बंबाचा आणि रुग्णवाहिकेचा: दोघं एकाच कामावर असताना बंब रुग्णवाहिकेच्या दाराला घासला. तोवर या राज्यमार्गाच्या नावावर असा एकही अपघात नव्हता. १९७५ साली राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड आले, तेव्हा तेही घोडागाडीतून फिरले. ते मिशिगनचेच, लहानपणी स्काउट म्हणून याच किल्ल्यावर पहारा दिलेले. २०१९ साली उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स मात्र आठ मोटारींच्या ताफ्यासह आले आणि बेटावर बरीच नाराजी उमटली. सुरक्षेची गरज समजण्यासारखी आहे. तरीही मला फोर्ड यांची घोडागाडी जास्त शोभून दिसते.

हिवाळ्यात नियम वेगळा होतो. बर्फ पडलं की रहिवाशांना स्नोमोबाइल चालवायची मुभा असते. आणि कडाक्याची थंडी पडून सेंट इग्नेसपर्यंतचं पाणी गोठलं, की बेटावरचे लोक नाताळ झाल्यावर टाकून दिलेली सूचिपर्णी झाडं गोळा करतात आणि बर्फात भोकं पाडून ओळीने रोवतात. पक्क्या बर्फाची वाट त्यांनी आखली जाते. धुक्यात, अंधारात या हिरव्या रांगेच्या बाहेर जायचं नाही. काही आठवड्यांपुरता बेटाला जमिनीचा रस्ता मिळतो. तो कुठल्याही नकाशात नसतो, त्याला क्रमांक नसतो आणि त्याची देखभाल शेजारी शेजारी मिळून करतात. तो लांबीला एम-१८५ च्या निम्माच आहे, पण जोखमीला कितीतरी मोठा.

सरोवराने या रस्त्याला मध्यंतरी हिसकाही दिला. २०१९ पासून पाणी चढत गेलं आणि २०२० साली ह्युरॉनच्या पातळीने जुने विक्रम मोडले. वादळी लाटांनी डांबराच्या कडा खाल्ल्या, काही ठिकाणी रस्त्याखालचा भराव वाहून गेला, भाग बंद ठेवावे लागले. राज्याच्या वाहतूक खात्याने पर्यटकांचा मोसम संपल्यावर काम हाती घेतलं, पाण्याच्या बाजूला मोठे धोंडे रचले आणि खचलेले भाग नव्याने बांधले. जुन्या सरोवराच्या लाटांनी सपाट केलेल्या पायथ्यावर हा रस्ता बसला आहे, तेव्हा त्या लाटांचा वारसदार कधीतरी हिशेब मागायला येणार, हे ओघानेच आलं.

माथेरानला जाऊन आलेल्या वाचकाच्या मनात एव्हाना दस्तुरी नाका आला असेल. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरान इंग्रजांच्या नजरेस आणलं, १९०७ साली सर आदमजी पीरभॉय यांची छोटी रेल्वे नेरळहून वर पोचली, आणि मोटारी आजही दस्तुरीलाच थांबतात. पुढे तांबड्या मातीत वर्षानुवर्षं होते ते घोडे, पाय आणि माणसाने ओढायची रिक्षा. २००३ साली केंद्र सरकारने ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवलं. पण मॅकिनॉवर ओझं घोड्यांनी वाहिलं, माथेरानमध्ये माणूस माणसाला ओढत राहिला, आणि हा भेद साधा नाही. म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये तिथे ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावू लागल्या तेव्हा मला ती माथेरानची हार वाटली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि ई-रिक्षा त्या ओढणाऱ्यांच्याच हाती द्या, असं सांगितलं, ते योग्यच झालं. मोटार नको म्हणणाऱ्या गावाने आपलं ओझं कोणाच्या खांद्यावर आहे हे दर पिढीत नव्याने तपासायला हवं.

मॅकिनॉवर सध्या प्रश्न आहे तो विजेच्या सायकलीचा. तिला धूर नाही, आवाज नाही, घोडा तिला बुजत नाही. तरी बेटावर ती सर्वांना चालवता येत नाही. ज्यांना चालायला किंवा साधी सायकल मारायला शरीराची अडचण आहे, त्यांना परवाना मिळतो आणि ते तिच्यावरून आठही मैल फिरून येतात.